आठ वर्षांत एकही ॲक्सिडेंट नाही, मग मी चांगला रायडर आहे का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. लातूरच्या एका भाऊंनी विचारलंय की आठ वर्षं गाडी चालवतोय, आजवर एकही ॲक्सिडेंट नाही, आता साडेतीनशे सीसीची घेतली, ग्रुपमधली पोरं म्हणतात दिवाळीत आंबा घाटातून कोकणात जायचंय तर लीड तूच कर, तू प्रो आहेस. त्याच ग्रुपमधले एक सीनियर मात्र म्हणाले की तुला ओव्हरकॉन्फिडन्स आलाय, जरा नम्र रहा. आता यांना कळेना की दोघांत खरं कोण, आणि उगाच नम्र राहायला गेलं तर असलेला कॉन्फिडन्सही जायचा.

भाऊ, मी संभाजीनगरला कंपन्यांतल्या लोकांना दुचाकीचं ट्रेनिंग देतो. वाळूज, चिकलठाण्याच्या शिफ्टची पोरं, गावोगाव फिरणारे एमआर, कुरियरवाले, असे लोक येतात, आणि तुमचा हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी वेगळ्या शब्दांत विचारतंच. माझं मत असं की तुमच्या मित्रांनीही तुम्हाला मोजलेलं नाही आणि त्या सीनियरनीही नाही, एकानं स्पीड बघितला आणि दुसऱ्यानं बोलणं ऐकलं. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकत्र झालेत. एक म्हणजे हात किती चांगला आहे, आणि दुसरा म्हणजे आपल्या हाताबद्दलचा आपला अंदाज किती बरोबर आहे. रस्त्यावर माणूस मरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यात नापास झाल्यामुळं, असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून झालेलं ठाम मत आहे. हात मध्यम असलेला पण अंदाज बरोबर असलेला माणूस घरी पोचतो, कारण तो आपल्या हाताला झेपेल तेवढाच स्पीड धरतो.

आता अंदाज चुकतो कसा ते बघा, कारण यात तुमचा एकट्याचा काही दोष नाही, माणूस आहेच तसा. 1981 साली ओला स्वेन्सन नावाच्या स्वीडिश संशोधकानं कार चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की बाकीच्यांच्या तुलनेत तुमचं कौशल्य कुठं बसतं, तर अमेरिकेतल्या 93 टक्के आणि स्वीडनमधल्या 69 टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवलं. वरच्या अर्ध्यात 93 टक्के मावतीलच कसे, सांगा. आणि हे लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. आपल्याकडंही बॅचच्या सुरुवातीला मी हात वर करायला सांगतो की इथं सरासरीपेक्षा वाईट कोण चालवतं, तर हात वर होत नाहीत, फार तर मागच्या ओळीतली एखादी ताई करते, आणि ती हमखास चांगली चालवणारी निघते.

दुसरं कारण म्हणजे रस्ता तुम्हाला चुकीचे मार्क देत राहतो. समजा तुम्ही वळणावर समोरचं दिसत नसताना एसटीला ओव्हरटेक केलं आणि समोरून कुणी आलं नाही, तर तुमच्या डोक्यात काय नोंद झाली? जमलं. दहा वेळा जमलं की ती सवय झाली, शंभर वेळा जमलं की ते स्किल झालं, म्हणजे निदान आपल्याला तसं वाटायला लागतं. प्रत्यक्षात त्या शंभर वेळांत तुमचा हात कुठंच तपासला गेलेला नसतो, समोर कुणी नव्हतं एवढंच झालेलं असतं. म्हणून आठ वर्षांत ॲक्सिडेंट नाही याचा मला आनंदच आहे, पण त्यातून एवढंच कळतं की आजवर हिशोब जुळत आला. तो तुमच्यामुळं जुळला का समोरच्यांनी सांभाळून घेतल्यामुळं, ते त्यातून कळत नाही.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे थोडक्यात वाचण्याचे किस्से. चहाच्या टपरीवर हेच किस्से सगळ्यात जास्त रंगतात, रोही (नीलगाय) आडवा आला आणि मी अशी काढली गाडी, ट्रॅक्टरवाल्यानं वळण घेतलं आणि मी असा कट मारला. मी पोरांना सांगतो की किस्सा पाच सेकंद मागं न्या. रोही आडवा यायच्या पाच सेकंद आधी तुम्ही काय बघत होता? स्पीड किती होता? दिवस मावळायची वेळ, दोन्हीकडं तूर उभी, आणि एक रोही नुकताच रस्ता ओलांडून गेलेला, म्हणजे मागून अजून येणार हे शेतातल्या लहान लेकरालाही माहीत असतं. तिथं गाडी चाळिसावर आली असती तर किस्साच झाला नसता. हात चालला म्हणून वाचलात हे खरंच आहे, त्याचं श्रेय घ्या, पण डोळा चुकला म्हणून हाताला चालावं लागलं, हेही त्याच वहीत लिहा.

हे वही वगैरे मी खरंच करायला लावतो. रोज संध्याकाळी गाडी लावली की आज कितीदा दचकलो तेवढं लिहायचं. जोरात ब्रेक दाबावा लागला, एकदम हँडल ओढावं लागलं, पोटात गोळा आला, हे सगळे दचके. आणि प्रत्येक दचक्यासमोर लिहायचं की याची पहिली खूण कुठं दिसली होती. ऊसाचा सीझन असेल तर डबल ट्रॉली अंधारात समोर उभी ठाकायच्या आधी रस्त्यावर टिपरी पडलेली दिसतात, पाचट उडत असतं, ती खूण. पावसात डांबरावर काळ्या मातीची ढेकळं दिसली म्हणजे जवळपास कुठंतरी ट्रॅक्टर शेतातून वर चढलाय, आणि आपली काळी माती ओली झाली की टायरखाली साबणासारखी होते, तिथं ना ब्रेक लागतो ना गाडी वळते. सोयाबीनची रास रस्त्यावर वाळत घातली की कडेनं दगड लावतात, माल उचलून नेतात आणि दगड तिथंच राहतात, म्हणून दिवसा रास बघितली त्या ठिकाणाहून रात्री परत येताना दगड आहेत असंच धरून यायचं. फाट्यावर काळी-पिवळी उभी असली की ती कधीही रस्त्यावर येणार, आणि एसटी थांबलेली असली की तिच्या पुढून माणूस पळत येणार. चांगला रायडर म्हणजे मी ज्याला म्हणतो तो हे सगळं वाचतो, आणि त्याच्या वहीत महिन्यागणिक दचके कमी होत जातात. तुमचे दचके कमी होत नसतील, किंवा वाढत असतील आणि तुम्ही प्रत्येकातून सुटताय, तर सीनियर बरोबर बोलले.

आता हाताची परीक्षा. मोकळं मैदान किंवा सुटीच्या दिवशी एमआयडीसीतला रिकामा रस्ता बघा, सोबत एक माणूस घ्या, हेल्मेट, बूट, ग्लोव्हज घाला. रेघ मारायला थोडी फक्की (पांढरी पूड) न्या. एका जागी पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, तिथं ब्रेक दाबायला सुरुवात करायची. पण त्याआधी, आणि हेच महत्त्वाचं, स्वतः चालत जाऊन फक्कीची रेघ मारा की चाळीसच्या स्पीडनं आलो तर मी इथं थांबेन. मग गाडीवर बसा, चाळीसनं या आणि थांबून दाखवा. कोरड्या चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर चाळीसवरून साधारण 9-10 मीटरमध्ये गाडी थांबू शकते, आणि फक्त मागच्या ब्रेकवर त्याच्या जवळपास दुप्पट जागा लागते. पण मला त्या मीटरपेक्षा तुमची रेघ आणि तुमचं चाक यांच्यातलं अंतर बघायचं असतं. बहुतेक तरुण पोरं रेघ ओलांडून पुढं जातात, कधी गाडीच्या लांबीएवढं, कधी त्याहून जास्त, आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो कारण इथं वाद घालायला कुणी नसतं, रेघ त्यांनीच मारलेली असते. जेवढं पुढं गेलात तेवढा तुमचा ओव्हरकॉन्फिडन्स, तो मीटरमध्ये मोजता येतो.

महिलांच्या बॅचमध्ये मला बऱ्याचदा उलटं दिसतं, रेघ लांब मारतात आणि खूप आधी थांबतात. हीसुद्धा अंदाजाची चूकच आहे आणि हीसुद्धा महागात पडते, कारण आपल्याला जमत नाही असं मनात धरलेला माणूस पुढचा ब्रेक दाबायला घाबरतो, हायवेवर मधेच कचरतो, ओव्हरटेक अर्धं करून सोडतो. तुमचा दुसरा प्रश्न होता ना, नम्र राहिलं तर कॉन्फिडन्स जाईल का, त्याचं उत्तर इथं आहे. स्वतःला कमी समजायला मी कुणालाच सांगत नाही. रेघ आणि चाक जवळ आणायची, दोन्ही बाजूंनी. ती जवळ आली की कॉन्फिडन्स आपोआप राहतो, कारण मग तुम्हाला माहीत असतं.

पुढच्या ब्रेकबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्याकडं घराघरात शिकवलं जातं की पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा पडशील. गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळं खरी पकड तिथंच असते, मागचं चाक हलकं होऊन लवकर लॉक होतं आणि घसरतं. लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट यांच्या टीमनं 900 मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते, 1981 मध्ये तो रिपोर्ट आला, त्यात दिसलं की बरेच रायडर ऐन वेळी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक लॉक करत होते आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरतच नव्हते, आणि टक्कर टाळायला माणसाच्या हातात जेमतेम दोन सेकंद किंवा त्याहून कमी वेळ होता. त्यातले 92 टक्के लोक ट्रेनिंग न घेतलेले होते, स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून. आपल्याकडं तर बापाच्या नाहीतर चुलत्याच्या गाडीवर शेताच्या वाटेवरच सगळे शिकतो. तर त्या दोन सेकंदांत हात जे सवयीनं करेल तेच होणार, विचार करायला वेळच नसतो. म्हणून पुढचा ब्रेक झटका न देता, आधी हळू मग वाढवत दाबायचा, हे हाताला रोजच्या चालवण्यातच शिकवावं लागतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते, कारण वरचे आकडे सगळ्यांना सरसकट लागू नाहीत. एप्रिल 2019 पासून आपल्याकडं 125 सीसीच्या वरच्या नवीन दुचाक्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारा) सक्तीचं झालं, म्हणजे तुमच्या नव्या गाडीला एबीएस असणारच, पण तुमची आठ वर्षांची सवय बहुतेक ड्रम ब्रेकच्या गाडीवर झालेली असणार. वजन वेगळं, टायर वेगळे, वळायला लागणारा जोर वेगळा. जुन्या गाडीवर तुम्ही कितीही तयार असा, नव्या गाडीवर परीक्षा नव्यानं द्यायची. डबल सीट असाल तर परत वेगळी. मागं सामान बांधलं तर परत. रात्र असेल तर हिशोबच बदलतो. 60 च्या स्पीडला एक सेकंद समजायला गेला तर त्यातच 17 मीटर जातात आणि थांबायला वरून 20, म्हणजे 37 मीटर. 80 ला तेच जवळपास 58 होतात. डिपरवर बऱ्याच गाड्यांचा उजेड साधारण 40 मीटरपर्यंतच नीट पडतो, तर मग रात्री 80 नं जाणारा माणूस किती भारी चालवतो याला काही अर्थच उरत नाही, समोरचं दिसलं तरी थांबायच्या आतच तो आदळणार. बीडकडं जाताना धुळे-सोलापूर हायवे मस्त झालाय म्हणून पोरं रात्री गाडी पळवतात, त्यांना माझं एवढंच सांगणं असतं की रस्ता चांगला झाला तरी हेडलाइट तेवढाच आहे. समृद्धीवर तर दुचाकीला बंदीच आहे, आपल्याला मिळतात ते बैलगाडी, ट्रॅक्टर, शाळेची लेकरं, सगळी असलेलेच रस्ते.

आठ वर्षांबद्दलही एक सांगतो. लातूर-औसा-निलंगा हा पट्टा बहुतेक सपाट, रस्ते सरळ. तिथली वर्षं घाटात धरू नका. घाटात वेगळंच लागतं, वळणाच्या आधी स्पीड कमी करून, गिअर टाकून, मग एकसारख्या एक्सलेटरवर बाहेर निघायचं, नजर वळणाच्या शेवटाकडं, कारण माणूस जिथं बघतो तिथं गाडी जाते, दरीकडं बघितलं तर दरीकडं. आणि गाडी पळत असताना उजवीकडं वळायचं तर उजवं हँडल हलकं पुढं ढकलायचं असतं, हे ऐकायला उलटं वाटतं पण स्पीडवर गाडी तशीच झुकते, मैदानात तीसच्या पुढं करून बघा, पटेल. घाटात स्वतःला तपासायची एक साधी खूण आहे. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबावा लागला का? लागला तर त्या वळणाचा तुमचा अंदाज चुकला. कोकणात जायच्या आधी एखाद्या रविवारी मांजरसुंब्याचा घाट, नाहीतर इकडं आलात तर म्हैसमाळचा रस्ता, सकाळी लवकर, एकटे, दमानं, आणि असे ब्रेक मोजत या. तिथं प्रत्येक दुसऱ्या वळणाला ब्रेक लागत असेल तर आंबा घाटात पावसानंतरच्या शेवाळावर काय होईल ते सांगायला नको.

अजून एक परीक्षक तुमच्या घरीच आहे, मागं बसणारं माणूस. बायको, आई, बहीण, कुणीही. मागच्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटला कितीदा आपटतं ते मोजा, प्रत्येक आपटणं म्हणजे एक झटक्याचा ब्रेक किंवा खडबडीत टाकलेला गिअर. हो, मागच्यालाही हेल्मेट कायद्यानं लागतंच, आणि आपल्याकडं साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईला हेल्मेट नसतं हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण पडताना सगळ्यात आधी तीच जाते. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यात 44.5 टक्के दुचाकीवरची होती, आणि दुचाकीवरचं म्हणजे चालवणारंच असतं असं नाही. बरं, मागच्याला विचारतानाही नीट विचारा. मी कसा चालवतो असं विचारलं तर घरचे म्हणणार चांगलं चालवता, तुमचं मन कोण मोडेल. आज कुठं कुठं भीती वाटली, जागा सांग, असं विचारा. मग बघा कसे फाटे आणि पूल आठवतात त्यांना.

नम्रतेबद्दल शेवटी, कारण तुमच्या सीनियरनी तोच शब्द वापरला. बोलण्यातल्या नम्रतेचा रस्त्यावर काही उपयोग नाही. आपण कुठं प्रो, साधेच गडी, असं म्हणणारे आणि ग्रुपमध्ये कुणी पुढं गेलं की लगेच एक्सलेटर पिळणारे मी लई बघितलेत. आणि उलट मोठ्यानं, छाती पुढं काढून बोलणारे काही असे बघितलेत की ढाब्यावर उठून सगळ्यांसमोर म्हणतात, मला हा स्पीड झेपत नाहीये, तुम्ही व्हा पुढं, मी माझ्या स्पीडनं येतो. माझ्या लेखी नम्र तो, कारण त्यानं रेघ आणि चाक यांच्यातलं अंतर ओळखलं आणि चारचौघांत त्याप्रमाणं वागला. हे सोपं नाही, वीस-पंचवीस वयात तर अजिबात नाही, तिथं पोरं एकमेकांकडं बघत असतात.

म्हणून लीड करायचं का, याचं माझं उत्तर असं आहे की या खेपेला नाही. लीडवाल्यानं स्वतःच्या हाताप्रमाणं चालवायचं नसतं, ग्रुपमधल्या सगळ्यात नवख्याच्या हाताप्रमाणं चालवायचं असतं, मागच्याला खड्डा दाखवायचा, ओव्हरटेक करताना सगळे येतील एवढी जागा आहे का बघायचं, थांबे ठरवायचे. नवी गाडी आणि नवा घाट असताना हे तिसरं ओझं डोक्यावर घेऊ नका. त्या सीनियरना लीड करू द्या, तुम्ही त्यांच्या मागं दुसऱ्या नंबरवर चाला, ते वळणाच्या आधी कुठं स्पीड सोडतात आणि तुम्ही कुठं सोडता एवढंच बघत चला, आणि थांब्यावर त्यांनाच विचारा की आरशात माझी गाडी कशी दिसत होती. ते ओव्हरकॉन्फिडन्स म्हणाले ते नेमकं कुठल्या जागी, कुठल्या वळणावर बघून म्हणाले, हेही तेव्हाच विचारून घ्या.

दिवाळीला वेळ आहे, तोवर मैदानातली रेघेची परीक्षा आधी एकट्यानं आणि मग डबल सीट करून बघा. तुमची गाडी ड्युअल चॅनल एबीएसची (दोन्ही चाकांना) आहे का सिंगल (एकाच चाकाला), टायर कंपनीचेच आहेत का बदललेत, आणि सोबत सामान किती बांधणार, एवढं कळवलंत तर ब्रेकची प्रॅक्टिस कुठल्या स्पीडपासून सुरू करायची ते नेमकं सांगता येईल.